वन्यप्राण्याच्या हल्ल्यात जखमी झाल्यास शासनाची भरपाई कशी मिळवावी : पहिल्या केसपेपरपासून बँक खात्यापर्यंत

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांतील जंगलालगतच्या गावांत वाघाच्या हल्ल्यात माणूस दगावला की बातमी होते, गर्दी जमते, अधिकारी गावात येतात आणि भरपाईची फाईल बऱ्याच अंशी आपोआप पुढे सरकते. जखमी माणसाच्या वाट्याला हे येत नाही. तो दवाखान्यात पडलेला असतो, घरची कर्ती माणसे त्याच्या उशाशी बसलेली असतात, आणि भरपाईचा विषय निघतो तो टाके निघाल्यावर, म्हणजे पंधरा-वीस दिवसांनी. तोपर्यंत घटनास्थळावरचे पायाचे ठसे पुसले गेलेले असतात आणि दवाखान्याच्या पहिल्या कागदावर जे लिहिले गेले ते पक्के झालेले असते. मृत्यूच्या प्रकरणात किती रक्कम द्यायची याबद्दल वाद उरत नाही. जखमीच्या प्रकरणात मात्र जखम कोणत्या प्राण्यामुळे झाली, कुठे झाली आणि किती गंभीर आहे, या तिन्ही गोष्टी कागदावर सिद्ध कराव्या लागतात. गेली काही वर्षे नागभीड-सिंदेवाही पट्ट्यातील अशा कुटुंबांसोबत दवाखान्यात आणि वनविभागाच्या कार्यालयांत जाताना जे पाहिले, त्याच्या आधारे ही माहिती क्रमाने देत आहे.

रक्कम किती आणि कोणत्या प्राण्यासाठी

महाराष्ट्रात ही भरपाई आधी केवळ शासन निर्णयांनुसार मिळत असे. २०२३ मध्ये विधिमंडळाने वन्यप्राण्यांमुळे होणारी हानी, इजा किंवा नुकसान यांच्या भरपाईसाठी स्वतंत्र अधिनियम केला आणि त्यामुळे तिला कायद्याचा आधार मिळाला. ऑगस्ट २०२३ च्या शासन निर्णयानुसार मृत्यू झाल्यास २५ लाख रुपये, कायमचे अपंगत्व आल्यास ७ लाख ५० हजार रुपये आणि गंभीर जखमी झाल्यास ५ लाख रुपये दिले जातात. किरकोळ जखमीला औषधोपचाराचा प्रत्यक्ष खर्च मिळतो आणि खाजगी रुग्णालयात उपचार घेणे भाग पडल्यास त्याला प्रतिव्यक्ती ५० हजार रुपयांची मर्यादा आहे. याआधी गंभीर जखमीला सव्वा लाख रुपयेच मिळत होते; त्यामुळे गावात कुणी जुना आकडा सांगितला तर तो धरून बसू नये.

या आकड्यांकडे नीट पाहिले की खरी अडचण कुठे आहे ते लक्षात येते. किरकोळ आणि गंभीर या दोन शब्दांत दहापट रकमेचा फरक आहे. जखमीच्या प्रकरणांतील जवळजवळ सगळे वाद या एका शब्दावरून होतात, आणि तो शब्द ठरवणारी व्यक्ती वनविभागातील नसून शासकीय रुग्णालयातील वैद्यकीय अधिकारी असते.

शासनाच्या यादीत वाघ, बिबट, अस्वल, गवा, रानडुक्कर, लांडगा, तरस, कोल्हा, मगर, हत्ती, रानकुत्रा, रोही (नीलगाय) आणि माकड-वानर यांचा समावेश आहे. आपल्याकडे वाघ-बिबट्याची चर्चा जास्त होत असली तरी मोहफुलांच्या दिवसांत अस्वल आणि कापूस वेचणीच्या दिवसांत रानडुक्कर यांच्यामुळे जखमी होणारी माणसेही कमी नाहीत. २०२१ मध्ये छत्तीसगडमधून गडचिरोलीत हत्तींचा कळप आल्यापासून हत्तीचाही विचार करावा लागतो. साप या यादीत नाही. सर्पदंशासाठी वनविभागाकडे खेटे घालण्यात अर्थ नाही. त्यासाठी शेतकरी कुटुंबांकरिता असलेली गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे, तिचा प्रस्ताव तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे जातो आणि ती मृत्यू किंवा अवयव निकामी होणे अशाच प्रसंगी लागू होते.

पहिले ४८ तास

घटना घडल्यापासून ४८ तासांच्या आत ती कळवावी, असा नियम आहे. ही खबर जखमीनेच दिली पाहिजे असे नाही. नातेवाईक, शेजारी, सोबत काम करणारा मजूर यांपैकी कुणीही जवळच्या वनकर्मचाऱ्याला, पोलीस ठाण्यात किंवा सरपंचाला कळवू शकतो. वनविभागाचा १९२६ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक त्यासाठी उपयोगी आहे आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ आहेच. फोन केला म्हणजे काम झाले, असे मात्र समजू नये. बीटगार्ड, म्हणजे वनरक्षक, स्वतः येऊन जखमीला गाडीत घालून देतो, गावाला वाटते की वनविभागाला सगळे माहीत आहे, आणि महिन्याभराने त्या बीटगार्डची बदली झालेली असते. म्हणून त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी साध्या कोऱ्या कागदावर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या नावे अर्ज लिहून द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घालून पोच घ्यावी. दहा ओळी पुरतात : जखमीचे नाव व वय, तारीख आणि वेळ, ठिकाण (शेत असल्यास गट क्रमांक, जंगल असल्यास गावकऱ्यांच्या तोंडी असलेले नाव आणि शक्य असल्यास वनविभागाने जंगलाच्या त्या तुकड्याला दिलेला कक्ष क्रमांक), प्राणी कोणता, तो कुणी पाहिला, जखमीला कोणत्या दवाखान्यात नेले आणि कळवणाऱ्याची सही.

ठिकाण लिहिताना आणखी एक काळजी घ्यावी. आपल्याकडे एकाच रस्त्याच्या डावीकडे प्रादेशिक वनविभागाचे, उजवीकडे वनविकास महामंडळाचे आणि पुढे व्याघ्र प्रकल्पाच्या बफरचे, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्याचे, जंगल असे होऊ शकते. आपला अर्ज नेमका कोणत्या कार्यालयाचा, हे बीटगार्डला विचारून घ्यावे. ते कळत नसेल तर अर्ज थांबवून न ठेवता जवळच्या कार्यालयात द्यावा आणि ‘आपल्या कार्यक्षेत्रात नसल्यास संबंधित कार्यालयाकडे पाठवून मला कळवावे’ ही ओळ त्यात घालावी.

४८ तास उलटून गेले असतील तरी अर्ज द्यावाच. रत्नागिरी जिल्ह्यात रानडुकरामुळे झालेल्या एका मृत्यूच्या प्रकरणात वेळेत कळवले नाही या कारणाने भरपाई नाकारली गेली होती. मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ते कारण मान्य केले नाही आणि कुटुंबाला रक्कम देण्याचा आदेश दिला. उशिराने अर्ज करताना उशीर का झाला, म्हणजे रुग्ण बेशुद्ध होता, घरातील एकमेव पुरुष त्याच्यासोबत नागपूरला होता, असे कारण स्पष्ट लिहावे आणि भरती झाल्याच्या तारखेचा कागद सोबत जोडावा.

दवाखान्यातील पहिला कागद

माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा पाया इथे रचला जातो, म्हणून यावर थोडे थांबतो. आमच्या शेजारच्या गावातील एक मामी एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले वेचायला गेल्या होत्या. झाडाखाली वाकलेल्या असताना अस्वलाने मागून झडप घातली, डोक्याची कातडी सोलली आणि डावा गाल कानापर्यंत फाटला. गावातील पोरांनी त्यांना मोटारसायकलवर मधोमध बसवून दवाखान्यात नेले. तिथे नोंद करणाऱ्याने घाईत विचारले, ‘काय झालं?’ मामींचे भाचे घाबरलेले. एकाच्या तोंडून निघाले, ‘जंगलात पडली जी.’ केसपेपरच्या पहिल्या ओळीत ‘पडल्याने जखम’ अशी नोंद झाली. दुसऱ्या दिवशी मी तो कागद पाहिला तेव्हा त्यावर मोहफुलाचा चिकट डाग होता आणि अस्वल हा शब्द कुठेच नव्हता. पोराने असे का सांगितले, तर जंगलात गेलो म्हणून वनविभाग केस करील, ही भीती. ही भीती गावोगावी आहे आणि तिने जितकी प्रकरणे बिघडवली आहेत तितकी क्वचितच दुसऱ्या कशाने बिघडवली असतील.

मामींच्या बाबतीत आम्ही त्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटून, ज्याने आधी सांगितले होते त्याच भाच्याकडून लेखी निवेदन दिले. त्यांनी जखमांचे स्वरूप पाहून पंजाच्या ओरखड्यांची नोंद केली आणि माहितीत दुरुस्ती केली. आठवड्याने गेलो असतो तर हे झाले नसते. म्हणून दवाखान्यात पोचताच सोबतच्या माणसाने शांतपणे तीन गोष्टी सांगाव्यात : कोणत्या प्राण्याने हल्ला केला, किती वाजता केला आणि कुठे केला. ही नोंद मेडिकोलीगल (पोलिसांना कळवावी लागणारी वैद्यकीय नोंद), म्हणजे रोजच्या भाषेत एमएलसी, म्हणून करून घ्यावी. त्यामुळे पोलिसांकडे आपोआप खबर जाते आणि तारखेचा एक स्वतंत्र पुरावा तयार होतो.

जखम गंभीर की साधी हे डॉक्टर मनाने ठरवत नाहीत. पोलिसी कामकाजासाठी दुखापतीचे वर्गीकरण करताना ते भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मधील व्याख्या डोळ्यांसमोर ठेवतात. त्यात डोळ्याची दृष्टी किंवा कानाची श्रवणशक्ती कायमची जाणे, एखादा अवयव किंवा सांधा निकामी होणे, डोके किंवा चेहरा कायमचा विद्रूप होणे, हाड किंवा दात मोडणे अथवा निखळणे, जिवाला धोका निर्माण होणे, आणि १५ दिवस तीव्र वेदना होणे किंवा नेहमीची कामे करता न येणे यांचा समावेश आहे. डॉक्टरांना ‘गंभीर लिहून द्या’ अशी गळ घालू नये. त्याने ते सावध होतात आणि ते योग्यच आहे. त्याऐवजी वस्तुस्थिती नोंदली जाईल हे पाहावे. एक्स-रे काढला का, त्यात बारीक तडा आहे का, दात हलला आहे का, चेहऱ्यावरील व्रण कायम राहणार का, हाताची मूठ वळते का, हे विचारावे आणि त्या प्रत्येकाची नोंद कागदावर आली की नाही ते पाहावे. अस्वल बहुधा चेहरा आणि डोके धरते, त्यामुळे अशा रुग्णाच्या बाबतीत विद्रूपतेचा उल्लेख सुटता कामा नये. सुट्टी होताना डिस्चार्ज कार्डावर किती दिवस विश्रांती सांगितली आहे तेही वाचून घ्यावे.

उपचार शक्यतो शासकीय किंवा जिल्हा परिषदेच्या रुग्णालयात घ्यावेत, अशी शासन निर्णयाची अपेक्षा आहे. खाजगीत जावे लागले तर शासकीय डॉक्टरांची चिठ्ठी, सगळी मूळ बिले आणि औषधांच्या पावत्या जपून ठेवाव्यात. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत वर्षाला प्रति कुटुंब ५ लाखांपर्यंत विनारोख उपचार मिळू शकतात. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्राला भरतीच्या दिवशीच शिधापत्रिका दाखवावी. आणि प्राणी कोणताही असो, रेबीजप्रतिबंधक लस व धनुर्वाताचे इंजेक्शन यांबद्दल डॉक्टरांना विचारावे. लसीचे पुढचे डोस कुठे घ्यायचे हे गावाकडे परतण्याआधी ठरवून घ्यावे, कारण पहिला डोस घेऊन लोक घरी जातात आणि उरलेले विसरतात.

जागेचा पंचनामा

वनपाल किंवा वनपरिक्षेत्र अधिकारी घटनास्थळी येऊन पंचनामा करतात, पायाचे ठसे, केस, विष्ठा, झटापटीच्या खुणा यांची नोंद घेतात आणि साक्षीदारांचे बयाण लिहून घेतात. ते येईपर्यंत जागा तुडवली जाऊ नये म्हणून ठशांवर टोपली किंवा घमेले पालथे घालावे. रक्ताने माखलेला कपडा धुऊ नये. मोबाईलवर ठशाचा फोटो काढताना शेजारी काडेपेटी ठेवली की आकाराचा अंदाज येतो. पंच म्हणून घरचेच दोघे नसावेत. पोलीस पाटील किंवा शेजारच्या शेताचा मालक असलेला बरा.

बयाण वाचून घेतल्याशिवाय सही किंवा अंगठा देऊ नये. जखमी जंगलात कशासाठी गेला होता हे त्यात येते आणि तिथे लपवाछपवी केली की पुढे दोन कागदांत दोन गोष्टी होतात. मोहफुले, तेंदूपत्ता, सरपण यांसाठी गेला असेल तर तसेच सांगावे. ज्या गावाला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळाला आहे, तिथे गौण वनोपज गोळा करणे हा गावाचा हक्क आहे. तेव्हा त्या दाव्याच्या मान्यतापत्राची प्रत ग्रामसभेकडून घेऊन प्रकरणाला जोडावी. तेंदूपत्त्याच्या फळीवर, म्हणजे पाने जमा करून घेण्याच्या केंद्रावर, नाव असलेल्या मजुराने फळीवरची नोंद जोडावी. शिकारीसाठी गेलेल्याला अर्थातच काही मिळणार नाही, आणि मिळूही नये.

अर्ज आणि फाईलचा प्रवास

आता रीतसर अर्ज. वनपरिक्षेत्र कार्यालयातून नमुना मिळतो. आपले सरकार सेवा केंद्रातही विचारणा करता येते. अर्जासोबत पंचनाम्याची प्रत, एमएलसी आणि डिस्चार्ज कार्ड, जखमेच्या स्वरूपाबद्दल वैद्यकीय अधिकाऱ्यांचे प्रमाणपत्र, बिले, आधार, शिधापत्रिका, बँक पासबुकाचे पहिले पान आणि जखमीचे फोटो लागतात. सगळ्यांच्या दोन झेरॉक्स प्रती काढून एक संच घरी ठेवावा. पावसाळ्यात ओल लागून कागद चिकटतात, म्हणून तो प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून धान्याच्या कोठीऐवजी भिंतीला खुंटीवर टांगावा, असे मी सगळ्यांना सांगतो.

फाईल वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडून सहायक वनसंरक्षकांकडे आणि तिथून उपवनसंरक्षकांकडे जाते. मंजुरी आणि पैशाची तरतूद वरच्या टप्प्यावर होते. प्रत्येक टप्प्यावर जावक क्रमांक पडतो. फाईल कुठे आहे असे विचारण्याऐवजी ‘अमुक तारखेला कोणत्या जावक क्रमांकाने गेली’ असे विचारले की उत्तर नेमके मिळते. २०२३ च्या कायद्यात भरपाई देण्यासाठी ३० दिवसांची मुदत असून उशीर झाल्यास व्याजाची तरतूद आहे. ‘अनुदान आले नाही’ हे उत्तर तोंडी ऐकून परत न जाता लेखी मागावे.

जखमीचा उपचारादरम्यान त्याच जखमांमुळे मृत्यू झाला तर प्रकरण मृत्यूच्या भरपाईचे होते. घरी नेण्याच्या घाईत शवविच्छेदन टाळले की मृत्यू आणि हल्ला यांचा संबंध सिद्ध करणे फार अवघड जाते. अशा वेळी वनविभागाला त्याच दिवशी लेखी कळवावे. २५ लाखांपैकी १० लाख थेट मिळतात, १० लाख पाच वर्षांच्या आणि ५ लाख दहा वर्षांच्या मुदत ठेवीत ठेवले जातात.

गंभीर जखमीचे पुढे कायमचे अपंगत्व झाले तर

पंजाने मज्जातंतू तुटलेला हात किंवा गेलेला डोळा पहिल्या महिन्यात ‘गंभीर’ म्हणून नोंदला जातो, कारण अपंगत्व कायम आहे की नाही हे जखम भरल्यावरच सांगता येते. त्यामुळे ५ लाखांचा अर्ज करताना शेवटी ‘कायमचे अपंगत्व आल्याचे प्रमाणित झाल्यास फरकाच्या रकमेचा हक्क राखून ठेवीत आहे’ असे लिहावे. रक्कम घेताना ‘पूर्ण व अंतिम’ असा शब्द पावतीवर असेल तर तो वाचून, आपली हरकत लिहूनच सही करावी. जखम स्थिर झाली की जिल्हा रुग्णालयातील मंडळाकडून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र घ्यावे. त्यासाठी स्वावलंबन पोर्टलवर नोंदणी लागते. हे प्रमाणपत्र पुढे इतर योजनांसाठीही उपयोगी पडते.

बँक खाते

मंजुरी झालेली रक्कम खात्यात अडकते, हे ऐकायला विचित्र वाटते पण घडते. पूर्ण ओळखपत्र न देता उघडलेल्या ‘लघु’ खात्यात शिल्लक ५० हजारांपेक्षा जास्त आणि वर्षभरातील जमा १ लाखापेक्षा जास्त चालत नाही. ५ लाख रुपये अशा खात्यात टाकले की ते परत जातात आणि कार्यालयात फाईल पुन्हा पहिल्यापासून हलवावी लागते. अर्ज देण्याआधी बँकेत जाऊन आपले खाते पूर्ण केवायसीचे आहे का, ते बंद पडलेले नाही ना, आणि आधारवरील व पासबुकावरील नाव एकच आहे का, एवढे तपासावे. बायकांच्या बाबतीत एका कागदावर माहेरचे आणि दुसऱ्यावर सासरचे नाव असणे ही नेहमीची गोष्ट आहे. खाते जखमीच्याच नावाचे द्यावे. दिराच्या किंवा मुलाच्या खात्यात पैसे गेले की ते कुणाचे यावर घरात भांडण उभे राहते.

उशीर किंवा नकार झाल्यास

नकार तोंडी घेऊ नये, कारणांसह लेखी मागावा. ही सेवा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ च्या कक्षेत येते. मुदत उलटल्यावर किंवा नकार मिळाल्यावर ३० दिवसांत वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे प्रथम अपील, त्यानंतर द्वितीय अपील आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोगाकडे जाता येते. त्याच्या जोडीला १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून माहितीच्या अधिकारात फाईलवरील टिपणीची प्रत मागावी. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला ते शुल्कही लागत नाही. ‘जखम किरकोळ’ असे कारण असेल तर वनविभागाशी वाद घालण्यात वेळ घालवू नये, कारण तो शब्द त्यांनी ठरवलेला नसतो. एक्स-रे आणि डिस्चार्ज कार्ड घेऊन जिल्हा शल्यचिकित्सकांकडे फेरतपासणीचा अर्ज करावा आणि त्यांचे प्रमाणपत्र अपिलाला जोडावे. मामींच्या प्रकरणात नेमके हेच करावे लागले. पहिल्या प्रमाणपत्रात गालाच्या जखमेला ‘टाके घातले, प्रकृती स्थिर’ एवढेच म्हटले होते. दुसऱ्यात चेहऱ्याची कायमची विद्रूपता आणि डावा डोळा पूर्ण मिटत नसल्याची नोंद आली, आणि त्या दोन ओळींवर त्यांचे प्रकरण किरकोळमधून गंभीरमध्ये गेले.